तळाचं पेट्रोल

प्रितमनं फ्रिजमधून दुधाचा कॅन काढला, ग्लासात ओतायला तिरका केला आणि तसाच धरून राहिला. ग्लास भरला, दूध ओट्यावर पसरलं, ओट्यावरून खाली टपकायला लागलं.

"अरे, लक्ष कुठंय तुझं?" मैत्री फडकं घेऊन धावली.

त्याचं लक्ष लेबलवर होतं. एक गॅलन, आणि खाली बारीक अक्षरांत ३.७८ लिटर. अमेरिकेत आल्यापासून असे किती कॅन त्यानं रिकामे केले असतील. पण दुधाच्या कॅनवरचं कोण वाचत बसतं? नागपूरला शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. तो गॅलन इंग्रजांचा. अमेरिकेतला लहान. इंजिनिअर माणसाला हे माहीत नव्हतं असंही नाही. आकडा लिहिताना हात शाळेतल्या सवयीनं चालला आणि डोकं मध्ये पडलं नाही, इतकंच.

"काय झालं?" मैत्रीनं विचारलं.

"काही नाही," बायकोची नजर चुकवत तो म्हणाला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मूर्सव्हिल गावात हार्लन नावाच्या माणसाची स्टॉक कार रेसिंगची छोटी टीम होती, आणि प्रितम तिचा कॉम्प्युटरवाला. रेस चालू असताना गाडीत कॉम्प्युटर ठेवायला बंदी. पण पिटच्या, म्हणजे पेट्रोल भरायला गाडी थांबते त्या जागेच्या, भिंतीमागे लॅपटॉप उघडून बसायला कुणी अडवत नव्हतं. पेट्रोल किती उरलं, अजून किती फेऱ्या निघतील, हे प्रितमचा प्रोग्रॅम सांगायचा. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल असं राहतं की ते इंजिनपर्यंत पोचतच नाही. टेस्टिंगच्या वेळी त्यानं ते काढून लिटरच्या मापात मोजलं होतं. साडेचार लिटर भरलं, म्हणून प्रोग्रॅममध्ये सरळ एक गॅलन लिहून टाकलं होतं. प्रत्यक्षात ते गॅलनहून जास्त होतं. एका फेरीपुरतं जास्त.

कालच्या रेसमध्ये शेवटी शेवटी त्यांची गाडी पुढे होती. बाकीच्यांनी पेट्रोल घ्यायला थांबायचं ठरवलं. हार्लननं प्रितमच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत विचारलं, "पुरेल?"

"पुरेल," प्रितम म्हणाला. "थोडं उरेलसुद्धा."

शेवटच्या फेरीत गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली. टीमची जिंकत आलेली पहिलीच रेस डोळ्यांदेखत गेली.

आता कॉम्प्युटर म्हणत होता पुरेल, आणि पुरलं तर नाही; म्हणजे टाकी नीट भरली नव्हती. टाकी भरणारा होता अर्ल. हार्लननं व्हिडिओ पुन्हापुन्हा लावला. अर्ल पेट्रोलचा कॅन जरा वाकडा धरतोय असं दिसत होतं. दिसणारच! तो अवजड कॅन उचलून भिंत ओलांडायची, पळत जाऊन तो गाडीत रिकामा करायचा, हे काय पंगतीत पाणी वाढणं आहे? पण एकदा संशय घेतला की सरळ माणूसही वाकडा दिसतो.

"खांदा गेलाय त्याचा," हार्लन म्हणाला होता, आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. प्रितमनंसुद्धा.

दूध पुसून झाल्यावर तो शॉपमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजमध्ये, गेला आणि आधी तो आकडा बदलला. बदलून मान वर करतो तर समोर अर्ल. दांडगा, पन्नाशीचा माणूस, टोपी काढून हातात धरलेली.

"प्रीट, तुझ्या मशीनला विचार ना. माझ्याकडून किती कमी पडलं?"

प्रितमनं लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. "तसं नाही सांगता येत, अर्ल."

"मला वाटलं होतं, भरली. पण हे सगळे म्हणतायत तर…" त्यानं उजवा खांदा चोळला. "दुखतो मधूनमधून. घाई केली असेन मी."

आत्ता बोल, प्रितमनं स्वतःला बजावलं. बोलला नाही. त्याच आठवड्यात हार्लन त्याच्या ग्रीन कार्डच्या कागदांवर सही करणार होता. सही झाली की सांगू, असं त्यानं ठरवलं आणि मूग गिळून बसला. सही झाली. मग वाटलं, आता लगेच सांगितलं तर हार्लनला काय वाटेल? माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही. तोवर अर्लला टीममधून काढून घरी बसवलं होतं. त्याच्या जागी आलेला तगडा पोरगा टाकी तेवढीच भरत होता, आणि गाडी आता कुठे बंद पडत नव्हती. "बघितलंस?" हार्लन म्हणायचा, आणि प्रितम लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा.

बुद्धपौर्णिमेला आसपासची चार-पाच नागपूरकडची कुटुंबं त्यांच्याकडे जमली. मेणबत्त्या लावल्या, आणि प्रितम पुढे बसून पंचशील म्हणू लागला. लहानपणापासून म्हणत आलेलं, झोपेतसुद्धा चुकायचं नाही. तीन शीलं झाली. चौथ्याला त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मंडळींना वाटलं, विसरला. मागून रमाबाई मावशींनी प्रेमानं पुरवलं, "मुसावादा वेरमणी…" खोटं बोलणार नाही. त्यानं ते त्यांच्या मागून म्हटलं, आणि कानापर्यंत लाल झाला.

पाहुणे गेल्यावर मैत्रीनं दार लावलं आणि तिथंच उभी राहिली.

"पंचशील विसरलास तू? चल, काय ते सांग."

त्यानं सांगितलं. दुधाच्या कॅनपासून सगळं.

"आणि त्या माणसाला तुम्ही घरी बसवलंत? यार, प्रितम!" ती खुर्चीवर बसली. "किती दिवस पोटात ठेवलंस हे! मला लाज वाटतेय रे तुझी."

"आपले पेपर्स अजून प्रोसेसमध्ये आहेत, मैत्री."

"कॅन्सल झाले तर परत जाऊ. नागपूर काही बुडालं नाहीये. आधी हार्लनला सांग, आणि मग त्याला. फोन नको. घरी जा."

हार्लननं सगळं ऐकून घेतलं. उठून ऑफिसचं दार लावलं, शेंगदाण्याची पिशवी प्रितमपुढे सरकवली.

"दुरुस्त केलंस?"

"हो. केव्हाच."

"मग झालं तर. आपल्या बॉनेटवर नाव कुणाचं आहे? आपल्याला पैसे पुरवणाऱ्या कॉम्प्युटर कंपनीचं. त्यांना काय सांगू, तुमची मशीन लावल्यामुळे हरलो म्हणून?"

"मशीन बरोबर होती. मी चुकलो. आणि अर्ल…"

"त्याचा खांदा आज ना उद्या जाणारच होता. हे या खोलीबाहेर जाणार नाही." हार्लननं शेंगा सोलून झाल्यावर झाडावीत तशी शांतपणे बोटं झाडली. "तू कामाचा माणूस आहेस, प्रीट. जा, कामाला लाग."

नोकरी वाचली. प्रितम बाहेर आला तेव्हा त्याला चक्क हलकं वाटत होतं, आणि ते कळल्यावर स्वतःचीच किळस आली. शॉपमध्ये परत न जाता तो गाडीत बसला आणि ड्राइव्ह करत थेट अर्लच्या घरी गेला.

दार अर्लनंच उघडलं. त्याचा उजवा हात झोळीत होता, खांद्याला जाडजूड पट्टी. प्रितम त्या पट्टीकडे बघतच राहिला.

"अरे, प्रीट! ये ये. हे होय? खांदा उघडून साफ केला डॉक्टरनं. म्हटलं, यानंच घात केला ना, तर नीटच करून घेऊ. सीझन संपेपर्यंत परत येतो की नाही बघ."

प्रितमनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. इंग्रजी वाक्यं त्यानं गाडीत जुळवून ठेवली होती, ती सगळी विस्कटली. टाकी भरलेली होती. हिशोब माझा चुकला. तुझं काही चुकलं नव्हतं, अर्ल.

अर्लला समजायला थोडा वेळ लागला. मग तो मोठ्यानं हसला, अगदी पोटातून.

"लोरेटा! अगं, बाहेर ये! ऐकलंस का? टाकी भरली होती! मी काठोकाठ भरली होती! म्हणत नव्हतो मी तुला? पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की नाही?"

त्याची बायको हात पुसत आली. तिनं अर्लकडे बघितलं, त्याच्या हाताच्या झोळीकडे बघितलं आणि मग प्रितमकडे. ती हसली नाही.

"तुला हे कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. दोघांनी विश्वास ठेवला असता.

"रेसच्या दुसऱ्या दिवशी," प्रितम म्हणाला. "सकाळीच."

अर्लच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं, त्याचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. डावा हात त्यानं हळूच पट्टीवर ठेवला.

"पोराला आत तरी घे, लोरेटा," तो म्हणाला. "कॉफी दे."

लोरेटा दारातून हलली नाही.