फोटोखालचा अंगारा

लंकाबाईंनी मनोजच्या फोटोखालच्या फळीवरून पिवळट भुकटी चिमटीत उचलली आणि नातीच्या कपाळाला लावली. संध्याने ती लगेच पदराने पुसून टाकली.

"आई, लाकडाचा भुगा आहे हा. फ्रेमला भुंगा लागलाय."

"अंगारा आहे. माझ्या लेकाचा," सासूबाई म्हणाल्या.

आदल्याच वर्षी गणपती दूध पितो म्हणून भद्रकालीतली अख्खी आळी वाटी-चमचा घेऊन धावली होती, तेव्हा एकट्या म्हातारीला काय बोल लावायचा! पण मनोजला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि संजना आता झोपाळ्यावर बसून बापाशी बोलायला लागली होती.

"मी जोरात झोका घेतला ना, की पप्पा जास्त अंगारा पाठवतात," ती सांगे. संध्याच्या अंगावर काटा येई. नवरा गेला तो गेला, निदान पोरगी तरी जित्या माणसांत राहावी, एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारी तिने फ्रेम उतरवली. भोकं शोधायच्या भानगडीत न पडता ती सरळ बंबात घातली आणि फोटो ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून आणला. लंकाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या संजना झोपाळ्यावर चढली. संध्या दिवा लावायला म्हणून फळी पुसायला गेली, तर फोटोखाली भुकटी. पिठासारखी, ताजी.

ती सासूबाईंकडे वळली.

"आई, तुम्ही ठेवलीत?"

"मी कशाला ठेवू? तूच तर जाळलंस सगळं."

ॲल्युमिनियमला काही भुंगा लागत नाही. संध्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काय हवंय याला? मागे झोपाळ्याच्या कड्या करकरल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत भुकटी पुन्हा भुरभुरली. फोटोच्या पुढून, वरून.

तिने मान वर केली. फोटोच्या वरच तुळई भिंतीत शिरत होती, आणि झोपाळा त्याच तुळईला टांगलेला होता.

"संजे, उतर! उतर आधी!"

स्टुलावर चढून तिने तुळईला विणकामाची सुई टोचली. सुई लोण्यात जावी तशी अख्खी आत गेली.

मुलीला पोटाशी धरून ती खाली बसली. लंकाबाई जवळ आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"केव्हाचा सांगत होता गं तो."

घरमालकाला बोलवायचं होतं, झोपाळा सोडायचा होता. पण संध्याने आधी फळीवर बोट टेकवलं आणि संजनाच्या कपाळाला लावलं.