माझं दार अडकलंच नव्हतं

मी एक जुना पिंजरा आहे. नाक मुरडू नका हं, मित्रांनो! वाघसिंहांचा नसेन, पण सशांचा पिंजरा आहे. आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत रमण वेल्डरने मला जोडलं आणि माझ्या चारी बाजू ठोकून तो म्हणाला, "यातून मुंगीसुद्धा सुटायची नाही." केवढी छाती फुगली माझी! सुटणं म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

मग मी जवळच्याच सहम गावातल्या एका वाडीवर आलो. तिथे हिवाळ्यात सलुकी जातीच्या शिकारी कुत्र्यांची शर्यत लागते. माझं पुढचं दार सरकन वर उचललं की ससा सुटतो आणि मागून दोन कुत्रे. ससा मारायचा नसतो, फक्त पळवायचा असतो. निदान कागदावर तरी! धावलेल्या सशाच्या कानाला मेंदीचा ठिपका लावतात, म्हणजे महिनाभर त्याला सुट्टी. आणखी एक नियम असा की, शर्यतीच्या दिवशी ससा सुटेपर्यंत डॉक्टरशिवाय कुणीही त्याला हात लावायचा नाही. सरकारी तपासणीला डॉक्टर जाफर येतात. जाळीतून डोकावतात, कागदावर टिक मारतात. झालं! इतकी वर्षं मी पास होतोय. माझा रंग उडाला, तळाला गंज चढला, तरी पास!

गेल्या गुरुवारी एक ससुली अशी धावली की अर्बाबने, म्हणजे मालकाने, टाळ्याच वाजवल्या. मेंदी लावणाऱ्या दयानंदला तो म्हणाला, "इसको मेहंदी नहीं. कल फिर दौड़ेगी."

शुक्रवारी सकाळी ससुली माझ्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिचे मागचे तळपाय सोलवटले होते. माझ्या पत्र्याला रक्त लागलेलं मला कळत होतं, पण मी कुणाला सांगणार? मालवणचा दयानंद घास घालताना हळूच पुटपुटला, "खा गो बाय. माका दिसता तुजो पाय. पण मी बोल्लंय तर उद्या माका घराक धाडतीत." त्याचा व्हिसा अर्बाबच्या हातात. आम्ही तिघेही अडकलेले, मित्रांनो!

जाफर आले, डोकावले. "कान साफ है. कल नहीं दौड़ी, ना?"

दयानंद सांडलेला घास गोळा करू लागला.

"नहीं, नहीं! खलास डॉक्टर, लिखो. यल्ला, जल्दी!" अर्बाब म्हणाला.

जाफरनी टिक मारली. कुत्रे आणले. दयानंदने माझ्या दाराला हात घातला, ओढल्यासारखं केलं आणि कपाळ पुसलं.

"दरवाजा अटक गया, साहेब."

"अरे, ज़ोर लगाओ!" अर्बाब ओरडला.

"नहीं निकलता. ऊपर का ढक्कन खोलता हूँ. पर मैं कैसे हाथ लगाऊँ? नियम है. डॉक्टरसाहेब, आप ही निकालो."

माझ्या जाळीची शप्पथ, दार मुळीच अडकलं नव्हतं!

जाफरनी वरून हात घालून ससुलीला उचललं. त्यांचे तळहात लाल झाले. त्यांनी तिचे मागचे पाय उलटे करून तळवे बघितले. मग त्यांनी ती टिक खोडली आणि अर्बाबकडे वळून एवढंच विचारलं, "कल नहीं दौड़ी?"

ससुली डॉक्टरांच्या गाडीतून गेली. दयानंद आणि मी अजून इथेच आहोत.

मित्रांनो, मला रंग लावा, नका लावू. पण जाळीतून बघून टिक मारू नका. आत हात घाला, तळपाय बघा. आणि कुणी घाबरत घाबरत म्हणालं की दार अडकलंय, तर त्याच्यावर खेकसू नका. त्याला काय सांगायचंय, ते बघा.