काकांची दया

काकूंच्या बजरीगर पोपटांच्या जोडीला चार पिल्लं झाली. त्यातल्या धाकट्याचे पाय दोन्हीकडे फाकले होते. घरट्याच्या पेटीचा तळ गुळगुळीत होता आणि अंगावर मोठ्या भावंडांचं ओझं. काकूंनी तळाशी लाकडाचा भुसा अंथरला आणि मऊ पट्टीने त्याचे पाय जवळ आणून बांधले.

"हाडं कोवळी आहेत तोवरच वळतील," त्यांनी काकांना बजावलं. "मी सोडेपर्यंत पट्टीला हात लावू नका."

मग त्या आठवडाभर आजारी बहिणीकडे गेल्या. इकडे पिल्लाचं चिवचिवणं काकांना ऐकवेना. त्यांनी कात्री घेतली आणि पट्टी कापून टाकली.

काकू परतल्या तेव्हा पाय पुन्हा फाकलेले होते. त्यांनी पुन्हा बांधून पाहिले, पण हाडं आता घट्ट झाली होती.

"अगं, जीव तळमळत होता त्याचा," काका म्हणाले. "तुझ्यासारखं कठोर नाही होता येत मला."

लेक लहान असताना तिला नाक दाबून औषध पाजायच्या काकू, आणि मागाहून खाऊ द्यायचे काका. घरातला वाईटपणा कायम काकूंच्याच वाट्याला.

पुढे भावंडं दांडीवर बसू लागली, हे पिल्लू मात्र खालीच सरपटत राहिलं. लेकीचा फोन आला तेव्हा काका हळहळत सांगत होते, "अधू झालं गं बिचारं. तुझ्या आईने पाय बांधले होते ना त्याचे."

"आईचं नेहमीचंच!" लेक म्हणाली.

काकूंनी फोन मागितला नाही. दाण्याची वाटी त्यांनी पिल्लाच्या चोचीजवळ सरकवली. काका अजून हळहळतच होते.