आधी काय झालं होतं?

मी तीन भागांच्या एका कादंबरीचा जुना दुसरा भाग आहे. पुस्तकांच्या घराण्यात आमचं नशीब जरा वाकडंच. पहिल्याचं कौतुक आधीच होऊन गेलेलं असतं, शेवटच्याची सगळे वाट पाहतात, आणि मधल्याने आपलं गुमान राहायचं. माझ्यात काळ्या तळ्यावर नाव चालवणारी एक मुलगी आहे. तिच्या डाव्या हाताची सावली पडत नाही. का, ते पहिल्या भागात येऊन गेलंय, म्हणून माझ्यात पुन्हा सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मी छापखान्यातून निघालो तेव्हा हाटकेशच्या एका इमारतीत निकेत नावाचा मुलगा वाचनालयातून आणलेला पहिला भाग संपवून माझी वर्षभर वाट पाहत होता. पण मी पोचलो तो नेमका त्याच्या बारावीत. वॉचमनने "मॅडम, पार्सल आया है" म्हणत मला त्याच्या आईच्या, ममताच्या, हातात दिलं. तिने मला खोक्यासकट कपाटात साड्यांखाली ठेवलं. "परीक्षा झाली की देईन," ती म्हणाली. त्याने दोनदा मागितलं, मग मागायचं सोडून दिलं. परीक्षा झाली, तो इंजिनिअरिंगला नागपूरला गेला, आणि मी तिथेच राहिलो. डांबरगोळ्यांचा वास माझ्या अंगाला लागला तो अजून गेलेला नाही.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी साडी काढताना मी तिच्या हाती लागलो. तिने निकेतला फोन करून विचारलं, पाठवू का? "राहू दे, आता कुठे वेळ आहे," तो म्हणाला. त्या दिवशी तिने खोकं फोडलं.

पेणकरपाड्याला दातांच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं पुकारण्याचं काम करते. मी इंग्रजीतला आणि तिचं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे पहिली पन्नास पानं तिने पेन्सिलीने अर्थ लिहून लिहून काळी केली. मग अर्थ विरळ झाले, आणि पुढे लिहायचं तिला भानच राहिलं नाही. पेशंट समोर उभा असायचा आणि ही म्हणायची, "थांबा, एवढं पान होऊ दे." तळ्यात त्या मुलीची नाव बुडते त्या पानावर ती रडली. तो डाग मी मिरवतो. खोटं कशाला बोलू, एवढं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं.

मला दोनदा वाचून झाल्यावर एक दिवस ती दवाखान्यातल्या मनोरमाला म्हणाली, "त्या हाताची सावली का पडत नाही, तेवढं कळत नाही गं."

"मग पहिला भाग मागवा ना, ताई. दोन दिवसांत येतो."

"मागवायचा नाहीये मला. निकेतने सगळा सांगितलाय. मी चपात्या लाटायचे आणि तो ओट्याला टेकून सांगत बसायचा, रोज. मी नुसतं हं हं करायचे. सावलीचं सांगत होता तेव्हा मिक्सर चालू होता. त्याचे हलणारे ओठ तेवढे आठवतात."

मनोरमाने पुढच्या पेशंटचं नाव स्वतःच पुकारलं.

रविवारी दुपारी ममताने मला मांडीवर घेतलं आणि नागपूरला फोन लावला. काय विचारायचं ते तिने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं होतं. निकेतला आधी काही कळेचना.

"कुठली सावली? अगं आई, किती जुनं झालं ते. मला नाही आठवत आता."

"थोडं तरी आठवून बघ ना."

"तुला तर सगळं सांगितलं होतं मी तेव्हा," तो हसून म्हणाला. "तूच आठव. चल, मित्र थांबलेत, ठेवतो."

"हो रे. सांगितलं होतंस," ती म्हणाली. फोन तोवर बंद झाला होता.

आता ती मला तिसऱ्यांदा वाचतेय, फार सावकाश. सावलीचं पान आलं की थांबते, डोळे मिटते, आणि त्या मिक्सरच्या आवाजातून काही ऐकू येतंय का ते बघते. अजून आलेलं नाही.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला ओल लागू देऊ नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलेलंच आहे. माझं मागणं वेगळं आहे. ओट्यापाशी कुणी गोष्ट सांगायला आलं, तर गॅस बारीक करा आणि मिक्सर बंद करा.