लेन्सच्या कप्प्यात दुधाची बाटली

मी पिशवी बोलतेय. खांद्याला अडकवायची, कॅमेऱ्याची. खरं तर हे सगळं कॅमेऱ्याने सांगायला हवं होतं, त्याने नेमकं सांगितलं असतं. पण त्याला वाटतं, त्याने जे पाहिलं तेवढंच घडलं. मी बंद चेनीच्या आत, ऐकीव गोष्टींवर जगलेली. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात, खिडकीजवळच्या मशीनवर झाला. शिवणाऱ्या बाईंनी माझ्या पट्ट्यावर दोनाऐवजी तीन टिपा मारल्या. शेजारीण म्हणाली, "दोनच सांगितल्यात ना?"

"काही पडलं तर मलाच बोल लागेल," त्या म्हणाल्या.

काहीतरी पडेल, ही धास्ती अशी माझ्या शिवणीतूनच आली.

मला घेतलं एका फोटोवालीने. गावोगावच्या जत्रा, नाच, मिरवणुका, होड्यांच्या शर्यती, असलं सगळं टिपत फिरणं हेच तिचं काम. गावात पोचली की ती मला पायाशी ठेवायची आणि चेन न उघडता नुसती बसून राहायची. "काढणार आहेस की नुसतीच बसणार आहेस?" असं कुणीतरी हटकलं, की मगच कॅमेरा बाहेर यायचा.

माणसं मात्र गमतीची. एक आजी "थांब हं" म्हणून कपडे बदलायला आत गेल्या, त्या उजेड गेल्यावरच बाहेर आल्या. एक ढोलवाला तासभर घामाघूम होऊन वाजवत होता. कॅमेरा दिसताच ढोल खाली ठेवून, मुख्याध्यापकांसमोर उभं केल्यासारखा ताठ झाला.

सगळ्यांत ताठ मुखवटेवाले आजोबा. डोंगरापलीकडच्या त्यांच्या गावात मुखवट्यांची जत्रा भरते आणि निम्मे मुखवटे त्यांच्याच हातचे. सहा वर्षं, दर जत्रेच्या सकाळी, त्याच उंबऱ्यावर, नवा मुखवटा मांडीवर घेऊन त्यांचा एक फोटो निघायचा.

"आजोबा, हलू नका."

"मी कशाला हलतोय? तू श्वास सोड आधी."

मग तिला बाळ झालं. कॅमेरा कपाटात गेला, मी कपाटावर. काही महिन्यांनी तिच्या आईने मला खाली काढून झटकलं. "एवढे कप्पे आहेत हिला. बाळाच्या सामानाला बरी." लेन्सच्या कप्प्यात दुधाची बाटली इतकी चपखल बसली, की मला माझीच शंका यायला लागली. मी नक्की कशासाठी शिवले गेले होते?

बाळ आठ महिन्यांचं झालं आणि आजोबांच्या सुनेचा फोन आला. बाबांचे हात थरथरतात, या जत्रेनंतर कोरणं बंद म्हणतायत, तू येतेस ना?

"एवढ्याशा पोराला घेऊन पाच तास बसमधून?" आई म्हणाली.

"सातवा फोटो राहील, आई."

"सहा आहेत की."

"या वर्षी नाही गेले, तर पुढेही नाही जाणार. मला माझं माहितीये."

आई उठून बाळाचे मोजे शोधायला गेली.

घोटाळा तिथेच झाला. मला भरताना आईने छोट्या कप्प्यातले दोन काळे ठोकळे काढून टेबलावर ठेवले आणि तिथे मोज्यांचे दोन जोड कोंबले. ते ठोकळे म्हणजे कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या. मी सांगायला हवं होतं. पण पिशवीला नुसतं तोंड असतं, आवाज नसतो.

जत्रेत पोचल्यावर ती इतकी हरखली, की यंदा हटकण्याचीही वाट पाहिली नाही. वाटेतले रंग, गर्दी, टांगलेले मुखवटे, सगळं टिपत सुटली. आजोबांच्या उंबऱ्यापाशी आली, तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. तिने छोट्या कप्प्यात हात घातला. मोजे. पुन्हा घातला. तेच मोजे.

"एखादाच निघेल आता," ती पुटपुटली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं.

"आण इकडे," आजोबा म्हणाले.

"मांडीवर मुखवटा हवाय, आजोबा."

"मांड्या दोन आहेत मला."

एका मांडीवर मुखवटा, एकीवर बाळ. "हलू नका," ती सवयीने म्हणाली. बाळाने मुखवट्याचं ताज्या रंगाने ओलं नाक धरलं आणि लाल बोटं तोंडाकडे नेली. "अरे, अरे," करत आजोबा हसत वाकले, नेमकं तेव्हाच तिच्याकडून बटण दाबलं गेलं. फोटो क्षणभर पडद्यावर दिसला आणि कॅमेरा मिटला.

"हलला," ती म्हणाली. मग माझ्याशेजारी खालीच बसली. "सहा वर्षांत एकही हलला नव्हता. आणि शेवटचाच..." तिने बाहीने डोळे टिपले.

आजोबा बाळाचं एकेक बोट पुसत होते. "हे बघ, ते सहा सुनेने भिंतीवर ओळीने लावलेत. मधेमधे माझे मुखवटेही आहेत. तिला विचार, त्यातला मी कोणता आणि मुखवटा कोणता."

सून आतून म्हणाली, "पाहुण्यांना दरवेळी बोट दाखवून सांगावं लागतं."

ती रडता रडता हसली. तो हललेला फोटो तिने नंतर छापला, त्या सहांपेक्षा मोठा.

घरी आल्यावर टेबलावरच्या ठोकळ्यांचा उलगडा झाला आणि आईचा चेहरा पडला. "बाळाला वेगळी पिशवीच घेऊ या," ती म्हणाली. परवा होड्यांच्या शर्यतीला निघायचंय, त्याआधीच घेऊ म्हणतेय. फोटोवालीने अजून होही म्हटलेलं नाही, नाहीही.

मी दाराच्या खुंटीवर लटकून वाट बघतेय. माझ्या अस्तराला दुधाचा वास लागलाय, चेन एका कोपऱ्यात अडते, ठोकळे आणि मोजे अजूनही एकमेकांत घुसतात. फार काही चांगली पिशवी मी नाहीच. पण तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी गाठ पडली, तर माझ्या वतीने एवढंच सांगा. जागा आहे म्हणावं.