चोळीवरचा आळ

शेजारच्या मलिकानं शिवलेली नवी चोळी झुंबरबाईंनी अंगात घातली आणि दुसऱ्याच दिवशी बरगडीवर आग पेटल्यासारखी जळजळ सुरू झाली. मग पाठीपासून पोटापर्यंत, एकाच अंगाला, पाण्याच्या फोडांची रांग उठली. नागीण! तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं, अशी गल्लीची पक्की समजूत. ते जुळू नये म्हणून पिराजी कुंभारानं फोडांभोवती गेरू ओढला आणि जाता जाता विचारलं, "वैनी, अंगात नवं काय घातलासा?"

झालं! झुंबरबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. फोड नेमके चोळीच्या कडेखालीच का? उरलेलं कापड त्या पोरीनं ठेवून का घेतलं? संशय घ्यायचाच म्हटलं, की पुरावे आपोआप हजर होतात!

त्या तरातरा शेजारी गेल्या आणि चोळी मलिकाच्या अंगावर फेकली. "करणी केलीस व्हय गं?" मलिकाला सातवा महिना. मशीनवरून उठून ती काही बोलायच्या आत गल्ली जमली होती. त्या दिवसापासून तिच्याकडं शिवायला एक कापड येईना.

इकडे दुखणं थांबेना, तेव्हा झुंबरबाईंच्या नवऱ्यानं, आण्णांनी, त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर गणपतरावांनी फोड पाहिले. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आलत्या की. त्येचं काय?"

"त्यांचाच विषाणू हा. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. वय झालं, साखर वाढली, की त्या कमजोर पडतात आणि तो उठतो. नागीण कुणी पाठवत नाही, बाई. तोंड-शेपटाचंही खोटं."

"मग त्या मलिकानं शिवलेल्या चोळीचं? ती घातली आन् फोड उठलं!" झुंबरबाईंचा संशय काही सुटेना. "फोडाचं पाणी लागल्याली, तशीच फेकली मी त्या पोटुशीच्या अंगावर."

गणपतराव दचकले. "पोटुशी आहे ती? अहो, त्या पाण्यातून कांजिण्या लागू शकतात! आधी येऊन गेल्या असतील तर तिच्या पेशी त्या विषाणूला ओळखतील. नसतील तर आई-बाळ दोघांनाही धोका!"

झुंबरबाईंच्या मनात आलं, जिच्यावर करणीचा आळ घेतला, तिच्या घरात रोग आपणच टाकला?

मलिकाच्या दारापासून लांब उभं राहून त्या ओरडल्या, "मलिका, तुला कांजिण्या आलत्या का गं?"

मलिकानं खिडकीतून पाहिलं. आता हे काय नवीन? तिनं खिडकी अर्धी ओढून घेतली.

"सांग की गं बाय, पाया पडते तुझ्या!"

"आलत्या. शाळंत असताना."

झुंबरबाई रस्त्यातच हात जोडून उभ्या राहिल्या. जमलेल्या बायकांना रडत म्हणाल्या, "करणीबिरणी काय न्हाय! रोग माझ्याच अंगात हुता. उगंच पोरीला बदनाम केली मी!"

खपल्या पडून गेल्यावर त्या नवं कापड घेऊन मलिकाकडं गेल्या. तिनं ते घेतलं, पण मशीनवर ठेवलं नाही. "मावशी, उद्या पुन्हा काय उठलं तर?"

झुंबरबाई तिच्याजवळ बसल्या आणि कापडाची घडी उलगडू लागल्या.

वाचकहो, दुखलंखुपलं तर आधी डॉक्टर गाठा, शेजाऱ्याचं दार नव्हे. नागीण काही दिवसांत सुकते, पण आपण घेतलेला आळ दुसऱ्याच्या मनात ठणकत राहतो!