माझ्यासमोरची वीतभर जागा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली आणि लाकडी पेटीतून मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात आलो. मित्रांनो, "काय स्वच्छ दाखवतो हा!" असे तेव्हा सगळे म्हणत. आता ते कौतुक आठवले की मला लाज वाटते.

आमच्याकडे दोघांत एक सूक्ष्मदर्शक असतो. गोपाळकृष्ण सर खुल्या जागेवरच्या मुलाशेजारी राखीव जागेवरचे मूल बसवत. त्याला मदत व्हावी, हा त्यांचा चांगला हेतू. माझ्यासमोर वकिलांचा सौमित्र आणि हिवरखेडच्या भाजीमळ्यातली खुशी बसत. पहिली पाळी नेहमी सौमित्रची. त्याची आकृती पुरी होईपर्यंत दिव्याच्या उष्णतेने काचपट्टीवरचे पाणी सुकून जाई. मग खुशी त्याचीच आकृती उतरवून घेई.

त्या वर्षी विद्यापीठाच्या राखीव जागांविरुद्ध खटला चालू होता. निकाल विरुद्ध गेला, तर खुशीचा प्रवेश रद्द होणार होता.

एकदा सौमित्रने कांद्याच्या सालीतला हवेचा बुडबुडा पेशी समजून काढला. खुशीनेही तोच काढला. सर त्याला म्हणाले, "होते रे अशी चूक सुरुवातीला." तिला म्हणाले, "बुडबुडा कळत नाही? म्हणूनच लोक कोर्टात जातात." वर्ग हसला. सौमित्र पेन्सिलीला टोक काढू लागला. तिने माझ्यात डोळा लावलाच नव्हता, हे मला ठाऊक होते. पण मला वाचा नाही.

निकाल आला तेव्हा प्रात्यक्षिक चालू होते. सरांच्या मदतीला असणाऱ्या सरोजिनी मॅडमनी मोबाइलवर वाचून सांगितले, "राखीव जागा कायम. झालेले प्रवेशही कायम."

"अभिनंदन! आता तू पक्की," सौमित्र म्हणाला.

"मले पक्कं कराले कोर्ट लागलं," खुशी म्हणाली. "तुह्या बुडबुड्यापायी मी बोलणी खाल्ली, तवा तुले एक शब्द नाही सुचला?"

"सरांसमोर कसं बोलणार?"

"मंग आता सरक."

तो उठला. तिने नवी साल काढली, पाण्याचा थेंब टाकला आणि वाकून पाहिले. "अशी असते होय पेशी! विटा रचल्यावानी. मी तं वर्षभर याची नक्कलच करून राहिली होती."

"तू का रे उभा?" सरांनी विचारले.

सौमित्रचे कान लाल झाले. "सर, तो बुडबुडा माझा होता. तिला बघायलाच मिळालं नव्हतं."

"त्या दिवशी?"

"रोजच, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, दमटपणापासून जपा. पण डोळा लावण्याआधी शेजारी कोण थांबले आहे, तेही बघा. न्यायालयाने खुशीची वर्गातली जागा राखली. माझ्यासमोरच्या वीतभर जागेसाठी मात्र तिला "सरक" म्हणावे लागले.